आचारसंहितेची फाइल सगळ्यात शेवटी: ओपन सोर्स प्रकल्पात वागण्याचे नियम बसवण्याचा क्रम

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पाची आचारसंहिता बहुतेक वेळा भांडणाच्या रात्री जन्माला येते. एखाद्या इश्यूखाली (चूक किंवा सूचना नोंदवायच्या धाग्याखाली) दोघांची जुंपते, शब्दाला शब्द वाढतो आणि मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, तिरीमिरीत कुठलं तरी टेम्प्लेट (तयार नमुना) उचलून रेपोत (प्रकल्पाचा कोड ठेवायच्या जागेत) टाकतो. त्यात चौकटी कंसात 'इथे संपर्काचा पत्ता घाला' असं लिहिलेलं असतं, तेही तसंच राहतं. सार्वजनिक रेपोंमध्ये शोधून पाहा, न भरलेला कंस मिरवणाऱ्या फाइली सापडतील. पुढची तक्रार येते तेव्हा ती कुणाकडे न्यायची हे तक्रारदाराला कळत नाही आणि आल्यावर काय करायचं हे मेंटेनरला.

इथे चुकतो तो क्रम. मजकूर लिहिणं हे या सगळ्यातलं सोपं काम, म्हणून लोक तिथून सुरुवात करतात. आधी माणसं ठरवा, मग हद्द, मग मजकूर, आणि तक्रार आल्यावर काय करायचं तेही आधीच लिहून ठेवा. खालचे टप्पे दोन ते दहा मेंटेनर असलेल्या, नोकरीधंदा सांभाळून चालवलेल्या प्रकल्पांसाठी आहेत. मोठ्या फाउंडेशनच्या छत्राखाली असाल तर त्यांची यंत्रणा आधी बघा, निम्मं काम तिथे आयतं झालेलं असेल.

## टप्पा १: तक्रार कोण घेणार ते ठरवा

किमान दोन माणसं हवीत. एकच असेल तर तो सुट्टीवर गेला की यंत्रणा बंद, आणि तक्रार त्याच्याविरुद्ध असेल तर यंत्रणा उलटी. दोघंही एकाच कंपनीत काम करणारे किंवा एकमेकांचे जुने दोस्त असू नयेत. उत्तम कोड लिहिणारा माणूस या कामाला उत्तम असतोच असं नाही. थंड डोक्याचा, तोंडाला कुलूप घालू शकणारा आणि वेळेवर उत्तर देणारा माणूस शोधा. डॉक्युमेंटेशन किंवा भाषांतर बघणाऱ्यांत असे लोक पुष्कळदा मिळतात.

मग अवघड प्रश्न घ्या: तक्रार मुख्य मेंटेनरविरुद्ध असली तर? बहुतेक प्रकल्प इथे गप्प बसतात. रस्ट या भाषेच्या प्रकल्पात नोव्हेंबर २०२१ मध्ये अख्ख्या मॉडरेशन टीमने (वागण्याच्या तक्रारी पाहणाऱ्या गटाने) एकत्र राजीनामा दिला. कोअर टीम, म्हणजे प्रकल्पाचं नेतृत्व करणारा गट, स्वतःखेरीज कुणालाच उत्तरदायी नाही, त्यामुळे आचारसंहिता तिला लागू करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे २०२३ मध्ये तिथे कोअर टीमच्या जागी लीडरशिप कौन्सिल आलं. इतक्या मोठ्या, पद्धतशीर प्रकल्पात ही फट राहिली होती, तेव्हा तुमच्याकडे ती नसेल असं समजू नका. एक वाक्य लेखी असू द्या: 'तक्रार अमुक व्यक्तीविरुद्ध असेल तर निर्णय तमुक व्यक्ती घेईल, आणि तो मुख्य मेंटेनरवरही बंधनकारक राहील.' वाक्याचा शेवटचा भाग मुख्य मेंटेनरने स्वतः मान्य केला पाहिजे. तो का कू करत असेल तर पुढचे टप्पे घेण्यात अर्थ नाही, आधी त्याच्याशी बोला.

एकट्याने चालवलेला प्रकल्प असेल तर शेजारच्या प्रकल्पातल्या मेंटेनरला विचारा. तुम्ही ज्या लायब्ररीवर अवलंबून आहात किंवा जी तुमच्यावर अवलंबून आहे, तिथला कुणी तरी. 'माझ्याविरुद्ध काही आलं तर तू बघ, तुझ्याविरुद्ध आलं तर मी' एवढा करार पुरतो.

आता पत्ता. तक्रारीसाठी वेगळा ईमेल काढा, वैयक्तिक पत्ता देऊ नका. मेंटेनर बदलला तरी पत्ता तोच राहिला पाहिजे. पेटी कोणकोण उघडू शकतं याची यादी ठेवा आणि दुहेरी पडताळणी लावा. शिवाय पत्त्यावर आलेली मेल ज्यांना जाते त्यांची नावं आचारसंहितेतच छापा. आपली तक्रार नेमकं कोण वाचणार हे माहीत नसताना माणूस तोंड उघडत नाही.

सावधान: 'तक्रार असेल तर इश्यू उघडा' असं कधीही लिहू नका. त्रास झालेल्या माणसाला भर चौकात उभं करण्याचा तो प्रकार आहे.

तपासा: प्रकल्पाशी संबंध नसलेल्या खात्यावरून त्या पत्त्यावर एक चाचणी मेल पाठवा. ती स्पॅममध्ये गेली का? सगळ्यांना मिळाली का? कुणी उत्तर दिलं, किती वेळात?

## टप्पा २: नियम कुठे लागू होतात

रेपो, इश्यू आणि पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती) सगळ्यांना आठवतात. विसरतात ते वेगळंच: कुणी तरी हौसेने उघडलेला टेलिग्राम ग्रुप, आयआरसी या जुन्या चॅट पद्धतीवरचं चॅनेल, विकीची चर्चापानं, महिन्यातून एकदा होणारा व्हिडिओ कॉल. एका कागदावर सगळ्या जागा लिहा आणि प्रत्येकीपुढे संदेश काढायचे किंवा सदस्य काढायचे अधिकार कुणाकडे आहेत ते लिहा. एखाद्या जागेपुढे नाव सापडलं नाही तर दोनच मार्ग आहेत: अधिकार मिळवा, किंवा ती जागा प्रकल्पाची अधिकृत जागा नाही असं जाहीर करा.

खासगी संदेशांचं काय, हेही आताच ठरवा. सगळ्यात त्रासदायक वागणूक सार्वजनिक धाग्यात क्वचितच दिसते. तिथे माणूस 'धन्यवाद, बघतो' म्हणतो आणि रात्री खासगी संदेशात शिव्या घालतो किंवा नको तितकी सलगी करतो. तयार टेम्प्लेटं समाजाच्या जागा आणि प्रकल्पाचं अधिकृत प्रतिनिधित्व एवढ्याबद्दल बोलतात, खासगी पेटी या दोन्हींत स्पष्ट बसत नाही. म्हणून आपल्या शब्दांत एक ओळ वाढवा: 'प्रकल्पामुळे ओळख झालेल्या व्यक्तीला खासगीत पाठवलेले संदेशही या नियमांखाली येतात.'

उलट बाजूने, प्रकल्पाबाहेरच्या प्रत्येक मताची चौकशी करायला निघू नका. बाहेरच्या वागण्याचा प्रकल्पातल्या कुणाला थेट धोका असेल तरच ते तुमच्या कक्षेत घ्या.

## टप्पा ३: मजकूर

शून्यातून लिहू नका. तीन प्रकल्पांच्या फाइली कापून चौथी शिवू नका. एक टेम्प्लेट निवडा आणि जसंच्या तसं घ्या. कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट हे टेम्प्लेट सर्वाधिक वापरलं जातं. त्याची २.१ ही आवृत्ती २०२१ ची आणि ३.० ही २०२५ ची. २.० पासून त्यात कारवाईच्या पायऱ्याही दिलेल्या आहेत. १.४ ही जुनी आवृत्ती अजून पुष्कळ ठिकाणी फिरते, तिच्यात त्या पायऱ्या नाहीत. नवीन सुरुवात करत असाल तर ती घेऊ नका.

टेम्प्लेटमध्ये खाडाखोड करण्याऐवजी सोबत आपल्या प्रकल्पाचं स्पष्टीकरणाचं पान जोडा. लिनक्स कर्नलने (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या प्रकल्पाने) सप्टेंबर २०१८ मध्ये कव्हेनंट स्वीकारलं आणि पुढच्याच महिन्यात, या नियमांचा कर्नलच्या कामात अर्थ कसा लावायचा याचा स्वतंत्र दस्तऐवज त्याला जोडला. हीच पद्धत बरी. मूळ मजकूर ओळखीचा राहतो, नवी आवृत्ती आली की बदलणं सोपं जातं, आणि तुमच्या प्रकल्पाच्या खोडी वेगळ्या पानावर स्पष्ट दिसतात.

या पानावर वेळ घालवा. मागच्या वर्षभरातले पन्नासेक बंद इश्यू आणि नाकारलेल्या पुल रिक्वेस्ट वाचा, आणि नवा माणूस कोणत्या वाक्यानंतर परत आला नाही ते शोधा. शिवीगाळ फार कमी सापडेल. सापडेल ते साधारण असं असतं.

खोटं आश्चर्य. 'तुला रिबेस (आपले बदल ताज्या कोडवर पुन्हा बसवणं) करता येत नाही?' यात माहिती काहीच नाही, फक्त समोरच्याला खाली दाखवणं आहे. रिकर्स सेंटर ही प्रोग्रॅमरांची संस्था याला स्वतंत्र नियमच मानते: आश्चर्याचं नाटक करायचं नाही. त्यांचा दुसरा नियम चर्चेशी संबंध नसलेली बारीक दुरुस्ती मध्येच घुसवण्याविरुद्ध आहे. दोन्ही उचलण्यासारखे आहेत, पण शिक्षेचे नियम म्हणून घेऊ नका. 'असं झालं तर कुणीही नुसतं दाखवून द्यावं, समोरच्याने बरं म्हणावं आणि पुढे जावं' एवढाच त्यांचा वापर.

कोडवरून माणसावर घसरणं. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे आलेला कोड तपासताना, हे रोज घडतं. एकच आक्षेप दोन प्रकारे लिहिलेला पाहा.

'हे काय लिहिलंय? टेस्ट न चालवता पाठवता का? आधी डॉक्युमेंटेशन वाचा.'

'रिकामी यादी आली तर ४२ व्या ओळीवर हे कोसळेल. तिथे आधी लांबी तपासायला हवी, आणि त्या स्थितीची एक टेस्ट जोडा. टेस्ट कशा चालवायच्या ते कॉन्ट्रिब्युटिंगच्या पानावर दुसऱ्या भागात आहे.'

दुसरा रिव्ह्यू मवाळ आहे असं कुणाला वाटत असेल तर पुन्हा वाचा. तो पहिल्याइतकाच कडक आहे, कोड मर्ज होणार (प्रकल्पात घेतला जाणार) नाही हे दोन्हीत ठरलेलंच आहे. फक्त दुसऱ्यात पुढे काय करायचं ते कळतं. हीच जोडी, किंवा तुमच्या रेपोतली अशीच एखादी, नावं काढून पानावर टाका. परिच्छेदभर उपदेशापेक्षा ती उपयोगी पडते.

फुकटच्या कामाचा तगादा. 'दोन महिने झाले, अजून मर्ज नाही? प्रकल्प जिवंत आहे का?' हे उद्धट आहे, एवढंच नाही, धोक्याचंही आहे. एक्सझेड युटिल्स या कॉम्प्रेशन साधनाच्या मेंटेनरवर २०२२ मध्ये काही खात्यांनी असाच तगादा लावला: काम संथ आहे, दुसऱ्या कुणाला हाती द्या. सोबत मदतीला आलेल्या एका खात्याने हळूहळू विश्वास मिळवून सहमेंटेनरपद घेतलं, आणि २०२४ च्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) निघालं. लॉगिनला नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ का लागतोय हे शोधताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ते मार्च २०२४ मध्ये सापडलं. तेव्हा मेंटेनरला दमात घेणाऱ्या टिप्पणीला 'वापरणारे वैतागतातच' म्हणून सोडून देऊ नका. पानावर सरळ लिहा: आठवण करायला हरकत नाही, पण अमुक इतक्या दिवसांनी एकदा, आणि शक्य असेल तर सोबत काही मदत आणून.

न वाचलेला कोड पाठवणं. यंत्राकडून लिहून घेतलेली पुल रिक्वेस्ट स्वतः न वाचता पाठवायची, रिव्ह्यूतल्या प्रश्नाला पुन्हा यंत्राचंच उत्तर चिकटवायचं. समोरचा माणूस स्वतःची संध्याकाळ खर्च करून वाचतोय. साधन कोणतंही वापरा, प्रत्येक ओळीचं उत्तर स्वतः देता आलं पाहिजे, हे नियमातच असू द्या.

सावधान: 'समोरच्याचा हेतू चांगला आहे असं गृहीत धरा' हे वाक्य सल्ला म्हणून ठेवा, नियम म्हणून नको. नियम झालं की ते ढाल बनतं. दहाव्यांदा तेच करणारा तक्रारदारालाच म्हणतो, 'तू माझा हेतू वाईट धरलास, नियम तू मोडलास.'

'सगळ्यांशी नीट वागा' अशी एका ओळीची आचारसंहिता दिसायला छान दिसते. तिच्यावर बोट ठेवून तक्रार मात्र करता येत नाही.

तपासा: कंस भरला का? फाइलमध्ये दिलेला पत्ता टप्पा १ मध्ये चाचणी केलेलाच आहे ना?

## टप्पा ४: मंजुरी आणि जागा

मजकूर पुल रिक्वेस्ट म्हणून टाका आणि एक-दोन आठवडे उघडा ठेवा. तारीख आधीच जाहीर करा, नाहीतर ही चर्चा संपत नाही. लिनक्सवर आधारित डेबियन या प्रकल्पाने २०१४ मध्ये आचारसंहितेवर सर्व सदस्यांचं मतदान घेतलं. छोट्या प्रकल्पात एवढं लागत नाही, पण ज्यांच्याकडे कमिटचे (रेपोत थेट बदल नोंदवायचे) अधिकार आहेत त्या प्रत्येकाची लेखी संमती हवीच. ज्याने संमती दिली नाही तोच पुढे 'हे मला कुणी विचारलं होतं?' म्हणतो.

कधी टाकू नये तेही सांगतो: भांडण चालू असताना. त्या दिवशी टाकलेली आचारसंहिता सगळ्यांना एका विशिष्ट माणसाविरुद्धचा फतवा वाटते. चालू भांडण आधी धागा लॉक करून शांत करा, काही आठवडे जाऊ द्या. आणि लागू होण्याची तारीख लिहा, जुन्या गोष्टी उकरून काढू नका.

फाइल रेपोच्या मुळाशी, डॉक्स फोल्डरमध्ये किंवा डॉट-गिटहब (.github) फोल्डरमध्ये ठेवली तर गिटहब हे कोड ठेवायचं संकेतस्थळ ती आपोआप ओळखतं. अनेक रेपो असतील तर संस्थेच्या खात्यात डॉट-गिटहब नावाचा सार्वजनिक रेपो करून त्यात एकदाच ठेवता येते. रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल), कॉन्ट्रिब्युटिंगचं पान आणि चॅटमधला पिन केलेला संदेश, तिन्हीकडे दुवा द्या.

## टप्पा ५: तक्रार आली, पहिले दोन दिवस

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, कारण इथे घाई आणि टाळाटाळ दोन्ही एकदम होतात. क्रम पाळा.

पहिलं, पोच द्या. दोन दिवसांच्या आत. निर्णय नको, फक्त पोच. मजकूर तयार ठेवा:

'तुमची तक्रार मिळाली. ती मी आणि अमुक वाचतो आहोत, आणखी कुणी नाही. तुम्हाला आत्ता काही तातडीची मदत हवी आहे का? तुमचं नाव समोरच्या व्यक्तीला सांगितलेलं चालेल का? न विचारता आम्ही सांगणार नाही. येत्या सात दिवसांत पुढची माहिती कळवतो.'

'तुम्ही त्याला आधी काय म्हणालात?' हा प्रश्न पहिल्या मेलमध्ये विचारू नका. पुढे कधी संदर्भ लागला तर वेगळ्या शब्दांत विचारता येतो. पहिल्याच उत्तरात तो आला की माणूस परत लिहीत नाही.

दुसरं, पुरावा जपा. टिप्पणीचा दुवा, स्क्रीनशॉट, जागतिक प्रमाणवेळेसह तारीख. लोक इथे उलटं करतात: आधी टिप्पणी उडवतात आणि मग निर्णय घ्यायला बसल्यावर नेमके शब्द कुणालाच आठवत नाहीत. गिटहबवर संपादित टिप्पणीचा इतिहास दिसतो, पण काढून टाकलेली टिप्पणी गेली ती गेली. शिवाय टिप्पणी पडताक्षणी धाग्यातल्या लोकांना मेल गेलेली असते. काढल्याने ती त्यांच्या पेटीतून परत येत नाही, त्यामुळे 'काढली, विषय संपला' असं समजू नका.

तिसरं, धोका थांबवा. कुणाचा पत्ता, फोन नंबर किंवा खरं नाव उघड केलं असेल, किंवा धमकी असेल, तर स्क्रीनशॉट घेऊन ते लगेच काढा. इथे तक्रार पाहणाऱ्या दोघांच्या संमतीची वाट पाहू नका. बाकी वेळी लपवणं पुरतं: लपवलेली टिप्पणी उघडून वाचता येते, पण अंगावर येत नाही. धागा पेटला असेल तर लॉक करा आणि लॉक का केला ते एका वाक्यात लिहा. बाहेरून झुंडीने लोक येत असतील तर गिटहबमध्ये रेपोपुरत्या परस्परसंवादावर मर्यादा घालता येतात, २४ तासांपासून ६ महिन्यांपर्यंत. याचं बटण कुठे आहे ते शांत दिवशीच बघून ठेवा.

चौथं, हितसंबंध तपासा. तक्रार पाहणाऱ्यांपैकी कुणी या व्यक्तीचा सहकारी, मित्र, जुना विरोधक आहे का? असेल तर तो बाजूला होतो आणि पेटीतले त्या प्रकरणाचे संदेशही वाचत नाही.

सावधान: दोघांना एका कॉलवर बसवून 'आपसात मिटवा' म्हणू नका. तांत्रिक मतभेदात हे चालतं. एकाने दुसऱ्याला त्रास दिला असेल तर मात्र त्रास झालेल्यालाच पुन्हा त्रास देणाऱ्यासमोर नेऊन बसवल्यासारखं होतं. 'कुणाची तरी तक्रार आली आहे, सगळ्यांनी जपून' असा मोघम संदेशही चॅटवर टाकू नका, पाच मिनिटांत सगळे अंदाज बांधू लागतात.

## टप्पा ६: निर्णय

आता आरोपीचं म्हणणं ऐका. खासगीत, लेखी, उत्तरासाठी ठरावीक मुदत देऊन. हे कोर्ट नाही. साक्षी, उलटतपासणी, महिनोन्‌महिने चौकशी असं काही करू नका. तुमच्यासमोर एवढाच प्रश्न आहे की हे वागणं इथे चालू द्यायचं की नाही.

कव्हेनंटच्या २.१ मध्ये चार पायऱ्या आहेत: समज, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. कुठली निवडायची हे ठरवताना परिणाम बघा, पुनरावृत्ती बघा आणि दोघांच्या अधिकारातलं अंतर बघा. पहिल्यांदा आलेल्या माणसाने मेंटेनरला 'मूर्ख' म्हणणं आणि मेंटेनरने पहिल्यांदा आलेल्याला तेच म्हणणं, यात दुसरं जड धरावं असं माझं मत. नव्या माणसाकडे जायला दुसरी जागा नसते. पहिल्या पायरीवर जाहीर माफी मागायला सांगता येईल असं कव्हेनंट सुचवतं. शक्यतो सांगू नका. मागायला लावलेली माफी कुणालाच खरी वाटत नाही आणि धागा मात्र पुन्हा पेटतो.

ताकीद अशी लिहा:

'१२ तारखेला अमुक पुल रिक्वेस्टवर तुम्ही "हे लिहिणाऱ्याने प्रोग्रॅमिंग सोडावं" असं लिहिलंत. व्यक्तिगत हल्ल्याविरुद्धचा आपला नियम याने मोडला. पुढच्या तीस दिवसांत त्या व्यक्तीशी प्रकल्पात किंवा खासगीत संपर्क करू नका आणि तिच्या पुल रिक्वेस्ट तपासू नका. पुन्हा असं झालं तर तात्पुरती बंदी येईल. निर्णय मान्य नसेल तर चौदा दिवसांत अमुक व्यक्तीकडे अपील करता येईल.'

घडलेली कृती, मोडलेला नियम, पुढची अपेक्षा, पुन्हा घडल्यास परिणाम, अपील. एवढंच. 'तुमचा स्वभावच तापट आहे' वगैरे स्वभावचित्रण नको. तक्रारदाराचं नाव नको. आणि 'तुमच्या योगदानाबद्दल आम्हाला नितांत आदर आहे, पण' अशी साखरपेरणीही नको. ती वाचून माणूस ताकीद विसरतो, आदर लक्षात ठेवतो.

इथला मोठा सापळा म्हणजे किमती माणूस. 'बिल्ड सिस्टीम त्याच्याशिवाय कुणालाच कळत नाही' हे वाक्य बैठकीत येतंच येतं. ते खरंही असतं, पण तो वेगळा प्रश्न आहे. तो बिल्ड सिस्टीमचं डॉक्युमेंटेशन लिहून आणि दुसरा माणूस तयार करून सुटतो, शिक्षा हलकी करून सुटत नाही. दोन्ही विषय एकाच बैठकीत घेऊ नका. आधी वागण्याचा निर्णय घ्या, लिहून टाका, मग बिल्डचं काय ते बघा.

तपासा (बंदीची मेल पाठवण्याआधी): त्या व्यक्तीकडे काय काय आहे? कमिटचे अधिकार, पॅकेज रजिस्ट्रीवर (लोक जिथून तयार सॉफ्टवेअर उतरवतात तिथे) प्रकाशनाचा हक्क, रिलीजवर सही करायची चावी, डोमेन, चॅटचं अॅडमिनपद, स्वयंचलित बिल्डमधली गुपितं, आणि हो, तक्रारींची ईमेल पेटी. बंदी घालायची असेल तर हे सगळं एकाच बैठकीत काढा आणि मग मेल पाठवा. आधी मेल, मग अधिकार असं केलंत तर मधल्या तासाभरात काय होईल ते तुमच्या हातात राहत नाही.

## टप्पा ७: कुणाला काय कळवायचं

तक्रारदाराला निकाल कळवा. हे इतक्यांदा विसरलं जातं की वेगळं लिहावं लागतंय. कारवाई होते, सगळे हुश्श करतात, आणि जिने तक्रार केली ती महिनाभर समजते की काहीच झालं नाही. 'आम्ही कारवाई केली आहे, ती व्यक्ती तुमच्याशी संपर्क करणार नाही, केला तर लगेच कळवा' एवढं पुरे.

घटना सार्वजनिक धाग्यात घडली असेल तर तिथेच एक सार्वजनिक ओळ हवी: 'ही टिप्पणी आपल्या नियमांत बसत नाही, संबंधितांशी बोलणं झालं आहे.' शांत राहिलात तर वाचणारे समजतात की इथे हे चालतं. घटना खासगी असेल तर समाजाला काहीही सांगायची गरज नाही.

नोंद ठेवा: तारीख, घटना, पुरावा, निर्णय, कारण. ती फक्त तक्रारी पाहणाऱ्यांनाच दिसली पाहिजे, आणि किती काळ ठेवणार तेही ठरवा. नोंद नसेल तर मेंटेनर बदलल्यावर प्रत्येक पुनरावृत्ती पहिलीच चूक ठरते. वर्षअखेर किती तक्रारी आल्या ते आकड्यांत छापायची पद्धत मोठ्या प्रकल्पांत चांगली आहे. सात जणांच्या प्रकल्पात 'एक तक्रार, एक ताकीद' छापलं की नाव छापल्यासारखंच होतं, तिथे ती टाळा.

अपील एकदाच, आणि मूळ निर्णयात नसलेल्या माणसाकडे.

## आणि तक्रार तुमच्याविरुद्ध आली तर

कधी ना कधी येईल, विशेषतः रोज वीस रिव्ह्यू लिहीत असाल तर. मेल वाचल्यावर त्याच दिवशी उत्तर देऊ नका, दुसऱ्या दिवशी द्या. तक्रार कुणी केली याचा शोध लावू नका. 'कोण ते मला माहीत आहे' असं लिहिलंत की मूळ प्रकरण बाजूला राहतं आणि सूड उगवल्याचा नवा आक्षेप उभा राहतो.

उत्तरात तीन गोष्टी पुरतात: काय लिहिलं ते कबूल, पुढे काय बदलणार ते, आणि दिलेली अट मान्य. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' ही माफी नव्हे, यात चूक ऐकणाऱ्याच्या कानावर ढकललेली असते. 'रिव्ह्यूमध्ये मी तुमच्या कुवतीबद्दल लिहिलं, ते लिहायला नको होतं' असं लिहा. पण संपर्क करू नका अशी अट असेल तर माफीसुद्धा थेट पाठवू नका, तक्रारी पाहणाऱ्यांकडे द्या, पोचवायची की नाही ते ठरवतील.

स्वतःची बाजू मांडायला सोशल मीडियावर स्क्रीनशॉट टाकण्याचा मोह होतो. ते टाकले की तुमचे चाहते तक्रारदाराच्या मागे लागतात, आणि त्याचा हिशेब तुमच्याच खात्यावर मांडला जातो. अपील आहे, ते वापरा.

बंदीच्या काळात दुसऱ्या नावाने खातं काढून परत येऊ नका. कमिट संदेशांची धाटणी, कामाच्या वेळा, रिव्ह्यूतले लाडके वाद रोजच्या माणसांच्या चटकन लक्षात येतात, आणि महिन्याभराची बंदी तिथेच कायमची होते.